एल पासोचं खारं भूजल, आपला खारपाणपट्टा आणि उरलेल्या मिठाचा प्रश्न

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

"अमेरिकेत वाळवंटातलं अख्खं शहर खारं पाणी गोड करून पितं, मग आपल्या खारपाणपट्ट्यात का होत नाही?" हा प्रश्न गावाकडच्या व्हॉट्सॲप गटावर वरचेवर येतो. ते शहर म्हणजे टेक्सासमधलं एल पासो. खारपाणपट्टा म्हणजे विदर्भातल्या पूर्णा नदीकाठचा खाऱ्या भूजलाचा भाग. माझं गाव तिथलंच, दर्यापूर तालुक्यातलं, आणि नोकरी सध्या एल पासोत, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी रोजच्या वापरातलं आहे. गटावर दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी शहराबद्दल. एल पासोत वर्षाला जेमतेम सव्वादोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोकवस्ती सात लाखांच्या आत. नदीपलीकडे मेक्सिकोतलं हुआरेस, ते याच्या दुपटीहून मोठं. पाण्याचे मुख्य आधार दोन. एक रिओ ग्रान्दे नदी, जिचं पाणी न्यू मेक्सिकोतल्या एलिफंट ब्यूट धरणातून सुटतं. दुसरा हुएको बोल्सन नावाचा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर. हा जलधर दोन्ही शहरं उपसतात.

बोल्सन म्हणजे डोंगरांमधला गाळानं भरलेला खोलगट भाग. फ्रँकलिन डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पावसाचं पाणी मुरतं, तिथे गोड्या पाण्याचा साठा आहे. पूर्वेकडे सरकत गेलं आणि खोल गेलं की पाणी मचूळ होत जातं. शहरानं अनेक दशकं गोडं पाणी उपसलं. पातळी खाली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे पूर्वेचं खारं पाणी सरकायला लागलं. एकेक विहीर खारी होऊन बंद करावी लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस असा अंदाज होता की हुएकोतलं गोडं पाणी २०३० च्या सुमारास संपेल.

आता आपल्याकडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्याशी अचलपूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या बाजूला जाडाभरडा गाळ, त्यात गोडं पाणी. दक्षिणेला पूर्णेकडे उतरलं की बारीक चिकण गाळ, निचरा जवळजवळ नाही आणि पाणी खारं. डोंगराच्या कडेला गोडं आणि मधल्या खोलगटात खारं, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच आहे. इथली व्यवस्था समजून घ्यावी असं मला वाटलं ते म्हणूनच.

२००७ साली इथे के बेली हचिसन प्रकल्प सुरू झाला. शहराचा पाणीपुरवठा विभाग आणि फोर्ट ब्लिस हा लष्करी तळ यांनी तो मिळून उभारला, खर्च सुमारे ९ कोटी डॉलर. समुद्रापासून दूर असलेला जगातला सर्वात मोठा क्षारनिर्मूलन प्रकल्प, अशी त्याची तेव्हा ओळख झाली. पूर्ण क्षमतेनं चालवला तर दिवसाला साधारण १०४ दशलक्ष लिटर पाणी देईल, असा तो बांधला.

इथे आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) वापरतात, म्हणजे पाणी दाबानं अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलतात आणि क्षार मागे राहतात. पण सगळं पाणी या पडद्यातून जात नाही. सुमारे ७० दशलक्ष लिटर मचूळ पाणी आरओला जातं, त्यातून साडेअठ्ठावन्न दशलक्ष लिटर जवळपास क्षारमुक्त पाणी निघतं. मग दुसऱ्या विहिरींचं सौम्य खारं पाणी, सुमारे ४५ दशलक्ष लिटर, त्यात मिसळतात. शहराला मिळतं ते हे मिश्रण. पूर्ण गोडं केलेलं पाणी तसंही पाइपांना चांगलं नाही, ते धातू खातं. मिसळल्यामुळे खर्च वाचतो आणि पाणीही नीट होतं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकांत फार ठळक नसते. प्रकल्पाच्या खाऱ्या विहिरी मुद्दाम अशा जागी घेतल्या आहेत की पूर्वेकडून शहराच्या गोड्या विहिरींकडे सरकणारं खारं पाणी वाटेतच उचललं जावं. म्हणजे त्या विहिरी पाणी देतात आणि गोड्या साठ्याची राखणही करतात. मला या प्रकल्पातलं हेच सर्वात शहाणपणाचं वाटतं.

राहिलं उरलेलं साडेअकरा दशलक्ष लिटर पाणी, ज्यात सगळं मीठ गोळा झालेलं असतं. ते सुमारे ३५ किलोमीटर लांब पाइपनं लष्कराच्याच ओसाड जमिनीत नेतात आणि हजार-बाराशे मीटर खोल खडकात सोडतात. त्या खडकातलं पाणी मुळातच खारं आहे आणि वरच्या जलधरापासून ते वेगळं आहे, हे आधी बोअर घेऊन, चाचण्या करून तपासलं. बाष्पीभवन तळ्यांचाही विचार झाला होता, पण जागा आणि खर्च दोन्ही फार होत होते.

आपल्याकडे आरओचा विषय निघाला की मशीन किती लिटरचं आणि अनुदान किती, एवढंच बोललं जातं. मीठ कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते तो प्रश्न पहिला विचारला पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनची ऑर्डर देऊ नये.

---

शाल्मली_प

खूप छान लिहिलंय. मला खर्चाबद्दल विचारायचं होतं. एवढं करून पाणी परवडतं का? आणि वर्षभर हेच पाणी पितात का तुम्ही?

---

पूर्णाकाठ

शाल्मलीताई, नाही. साध्या बोअरच्या पाण्यापेक्षा हे दुपटी-तिपटीनं महाग पडतं, म्हणून नदीला पाणी असेल तेव्हा प्रकल्प कमी चालवतात. दुष्काळात जास्त. २०१३ साली नदीचं पाणी काही आठवडेच मिळालं, तेव्हा याची किंमत लोकांना कळली.

आणि प्रकल्पाच्या आधी बरंच काही झालं होतं, ते सांगायचं राहिलं. १९८५ पासून इथे सांडपाणी पिण्याच्या दर्जापर्यंत शुद्ध करून जलधरात परत मुरवतात. १९९१ मध्ये पाणीबचतीचा कायदा केला, अंगणातल्या हिरवळीला ठरलेल्या दिवशीच पाणी, हिरवळ काढून टाकणाऱ्याला पैसे. माणशी वापर दिवसाला साडेआठशे लिटरच्या आसपास होता, तो पाचशेच्या जवळ आला. आपल्याला पाचशेही अचाट वाटेल, शहरांसाठी आपलं प्रमाण १३५ लिटर आणि जलजीवनचं ५५. पण घट बघा. खारं पाणी गोड करायचा नंबर या सगळ्यानंतर लागला.

---

पडदा_आणि_पंप

मी पुण्यात आरओ प्रकल्पांच्या देखभालीचं काम करतो. धागाकर्त्यांनी मुद्दा बरोबर धरलाय, त्यात तांत्रिक बाजू जोडतो.

टीडीएस म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. समुद्राचं पाणी साधारण ३५,००० टीडीएसचं असतं. ते पडद्यातून ढकलायला ५५ ते ७० बार दाब लागतो. मचूळ भूजल दोन-पाच हजार टीडीएसचं असेल तर १० ते २० बारमध्ये काम होतं, त्यामुळे वीजही बरीच कमी. म्हणून मुंबईतल्या मनोरीच्या समुद्री प्रकल्पाचे आकडे घेऊन खारपाणपट्ट्याचा हिशोब मांडू नका, ते वेगळं प्रकरण आहे.

मचूळ पाण्याची अडचण निराळी. त्यात कॅल्शियम आणि सिलिका असते. पाणी जसजसं आटवत जाल तसे हे क्षार पडद्यावर बसतात, म्हणजे स्केलिंग होतं. शंभर लिटरमधून ऐंशी-त्र्याऐंशी लिटर काढायचे तर अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस रोज अचूक लागतो, दाब आणि प्रवाह लिहून ठेवावे लागतात, वेळेवर पडदे रसायनानं धुवावे लागतात. एल पासोतही सिलिकामुळेच यापुढे फार ताणता येत नाही.

गावातल्या मशीनवर हे करायला माणूस नसतो. मग ऑपरेटर काय करतो, रिजेक्टचा, म्हणजे उरलेलं खारं पाणी बाहेर टाकणारा, व्हॉल्व्ह सैल सोडतो. पडदा टिकतो, पण शंभरातलं साठ-सत्तर लिटर पाणी नालीत जातं. त्याला दोष देता येत नाही. पडदे बदलायचे पैसे कुणी देणार नाही हे त्याला माहीत असतं.

---

बोर्डीवाला

राम राम. मी अकोट तालुक्यातला, शेती करतो. दादा लिहितात ते सोळा आणे खरं हाय. आमच्या गावात आरओ बसला तवा लोकायनं पेढे वाटले होते. पाणी लय चांगलं लागे. आधी बोअरचं पाणी असं होतं का चहा नासे, डाळ शिजेच ना, साबन लावला तं फेस नाई, निस्तं चिकट. मडक्याले बाहेरून पांढरा थर चढे, तो नखानं खरवडला तं खपली निघे.

मशीन दोन उन्हाळे बरं चाललं. मंग पडदा बसला. ज्यानं बसवलं तो ठेकेदार फोन उचले ना. आता कुलूप हाय. लोक वीस लिटरची कॅन इकत घेतात.

पन मले जे सांगाचं हाय ते दुसरं. मशीनचं खराब पाणी ज्या नालीत सोडत होते, ती नाली माह्या चुलतभावाच्या वावराच्या धुऱ्यावरून जाते. त्या कडेची जमीन पाहान तं वर पांढरी बुरशी आल्यावानी दिसते, पाऊस पडला का चिखल असा होते का पाय निंघत नाई, अन् वायली का दगड. तिथं हरभरा उगवते पन वाढत नाई. आमाले वाटे नालीच्या घानीनं झालं. आता हे वाचून डोस्क्यात उजेड पडला.

---

मुंबईकर_सागर

एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. मीठ जमिनीतूनच काढलं आणि जमिनीतच परत गेलं. एकूण मीठ वाढलं कुठे? मग नुकसान कसं?

---

काळी_माती

सागर, शंका रास्त आहे. मी मृदाशास्त्र शिकले आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, म्हणून उत्तर देते.

एकूण मीठ तेवढंच राहतं, पण त्याची जागा बदलते. ते पन्नास-शंभर मीटर खाली होतं, तुम्ही ते पिकाच्या मुळांच्या थरात आणून ठेवलंत. हिशोब करून बघू. दोन हजार वस्तीचं गाव, माणशी ८ लिटर पिण्या-स्वयंपाकाला, म्हणजे रोज १६,००० लिटर गोडं पाणी. बोअरचं पाणी ३,००० टीडीएसचं, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम क्षार. मशीन निम्मं पाणी फेकत असेल तर रोज ३२,००० लिटर उपसावं लागेल आणि त्यातलं ९६ किलो मीठ त्या एका नालीत जाईल. वर्षाला पस्तीस टन. एका गावाचं, एका नालीत.

त्यातही आपल्या काळ्या जमिनीचं दुखणं सोडियमचं आहे. चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटला की ते कण फुगतात, सुटे होतात, छिद्रं बुजतात. पाणी खाली उतरत नाही, हवा खेळत नाही. बोर्डीवाले दादांनी सांगितलेलं, ओली असताना पाय रुतणं आणि वाळली की दगड, हे त्याचंच लक्षण. दादा, तुमच्या भावाला सांगा, त्या पट्ट्यातली आणि शेताच्या मधली अशी दोन्ही माती वेगवेगळी तपासून घ्यायची, अहवालात सामू, क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम हे तीनही आकडे मागायचे. सोडियम जास्त निघाला तर जिप्सम लागेल, पण नालीचं पाणी बंद केल्याशिवाय आणि चर काढून निचरा केल्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसा वाया.

---

बोर्डीवाला

ताई, लय उपकार. दोन्ही माती नेतो तपासाले. मशीन तं बंदच हाय सध्या, पन सरपंच म्हनतात नवं बसवाचं हाय. तवा हे बोलाच लागन.

---

फ्रेस्नोची_अपर्णा

मी कॅलिफोर्नियात राहते. इथून तासाभरावर कोअलिंगा नावाचं तेलविहिरींचं छोटं गाव आहे. तिथलं भूजल इतकं खारं होतं की पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली तेव्हा मला कोअलिंगाच आठवलं. १९५९ मध्ये तिथे विजेच्या साहाय्यानं क्षार ओढून काढणारा संच बसला आणि १९६५ मध्ये आरओचा पहिला नागरी वापर याच गावात झाला. तो पडदा बनवला होता लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी. सौरीराजन मूळचे भारतातले. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनंही पुढे स्वतःचे पडदे तयार केले, बसमध्ये बसवलेले फिरते संचही केले. म्हणजे तंत्र परकं नाही आणि नवंही नाही. अडतंय ते दुसरीकडेच, हे या धाग्यातून पटतंय.

---

अकोला_नगर

मला मात्र वाटतं आपण फार लवकर नकार देतोय. अकोला शहर काटेपूर्णेवर अवलंबून आहे. धरण भरलं नाही की शहराला आठवड्यानं पाणी. पूर्णेच्या गाळात खारं का होईना, पाणी आहे. पालिकेनं एल पासोसारखा एकच मोठा प्रकल्प करावा, त्यावर शिकलेली माणसं नेमावीत, काटेपूर्णेच्या पाण्यात मिसळून द्यावं. गावोगावच्या बंद मशीनपेक्षा हे बरं नाही का? आणि उरलेलं खारं पाणी तळ्यात साठवून पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की सोडून द्यायचं. पुरात ते विरून जाईल.

---

हतनूर_कालवा

थांबा! पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते आणि लगेच खाली हतनूर धरण आहे. भुसावळ परिसर त्यावर पाणी पितो, आमच्या केळीचं पाणी तिथलंच. पुराची पहिली लाट खाली जाते, पण धरण भरताना शेवटचं पाणी अडवलं जातं. आठ महिन्यांचं साठवलेलं मीठ कुठल्या आठवड्यात सोडलं आणि त्यातलं किती धरणात राहिलं, हे कोण मोजणार? केळी क्षाराला फार नाजूक असते, पानांच्या कडा करपायला लागतात. तुमची अडचण आम्हाला कळते, पण ती नदीतून आमच्याकडे पाठवू नका.

---

पूर्णाकाठ

हतनूरवाल्यांचं म्हणणं मला पटतं. अकोला_नगर, एकच मोठा प्रकल्प आणि पगारी, शिकलेली माणसं, हा तुमचा मुद्दा मात्र पक्का आहे. पडदा_आणि_पंप यांनी जे सांगितलं ते बघता गाव पातळीवर ८० टक्के पाणी काढणं अवघड आहे, शहराच्या प्रकल्पात ते जमू शकतं. आणि त्याचा मिठाच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

काळी_माती यांचंच गाव घेऊ. निम्मं पाणी फेकलं तर रोज १६,००० लिटर खारवणी उरते. अस्तर लावलेल्या तळ्यातून वर्षाला पाऊस वजा जाता निव्वळ एक मीटर पाणी उडेल असं धरलं, तर जवळपास दीड एकर तळं लागेल. तेच मशीन पाऊण पाणी काढेल असं चालवलं तर उपसा २१,००० लिटरच्या आसपास येतो, खारवणी सव्वापाच हजार लिटर आणि तळं अर्ध्या एकरात बसतं. मीठही ९६ ऐवजी ६४ किलो. गावठाणाजवळ अर्धा एकर मिळू शकतो, दीड एकर कुणी देणार नाही.

शहराला हाच हिशोब लावला की तळी शेकडो एकरांत जातात. आणि एल पासोसारखं खोल खडकात सोडायचं म्हटलं तर आपल्या गाळाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात एवढं पाणी मावेल आणि ते वर येणार नाही, हे बोअर घेऊन सिद्ध करावं लागेल. ओसाड लष्करी जमीन आपल्याकडे नाही. आपल्याकडे प्रत्येक एकरावर कुणाचा तरी कापूस किंवा हरभरा आहे.

म्हणून माझं मत असं. वापराच्या पाण्यासाठी वान, शहानूर या सातपुड्यातल्या धरणांच्या नळयोजनाच. त्या पाइपलाइनी गळतात, शेवटच्या गावाला पाणी पोहोचत नाही, हे खरं आहे, पण गळती दुरुस्त करणं खारं पाणी गोड करण्यापेक्षा स्वस्त पडतं. आरओ फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता, तोही पाचदहा गावांना मिळून एक, पगारी ऑपरेटर आणि अस्तराचं तळं यांच्यासह. आणि सातपुड्याच्या पायथ्याचा गोड्या पाण्याचा पट्टा जपायचा. अंजनगाव-अकोट बाजूला बोअर दरवर्षी खोल चाललेत. हुएकोत जे झालं, गोड्या साठ्याची पातळी पडली आणि खारं पाणी त्याच्याकडे सरकलं, ते इथे होऊ नये. तिथे पावसाळ्यात पुनर्भरण करायला जाडा गाळ आहे, पाणी मुरतं. २०२५ च्या मे महिन्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झाला, तो याच पायथ्याच्या गाळाच्या भरवशावर.

---

अकोला_नगर

तळ्याचा हिशोब मी केला नव्हता. पुरात सोडायची सूचना मागे घेतो. पण मिसळण्याचा विचार सोडू नये असं अजून वाटतं. जिथे बोअर हजार-बाराशे टीडीएसचा आहे आणि धरणाचं पाणी थोडं का होईना येतं, तिथे आरओ न लावता नुसतं मिसळूनही प्रमाणात आणता येईल. आपलं मानक ५०० चं आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं.

---

पडदा_आणि_पंप

हे अगदी करण्यासारखं आहे. फक्त टीडीएस बघून ठरवू नका, फ्लोराइड आणि नायट्रेट वेगळं तपासा. ते जास्त असेल तर किती मिसळायचं हे त्यांच्यावर ठरेल.

बोर्डीवाले दादा, सरपंचांना निविदेत चार गोष्टी लिहून घ्यायला सांगा. शंभर लिटरमधून किती लिटर गोडं पाणी मिळेल याची हमी, उरलेलं पाणी कुठे जाणार त्याचा नकाशा, पाच वर्षांचे पडदे आणि अँटिस्केलंट किमतीत धरून, आणि रोजच्या नोंदवहीची पानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. नकाशात नाली दाखवली असेल तर सही करू नका. मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मराठीत तयार करून देतो.

---

बोर्डीवाला

निरोप केला भाऊ. ग्रामसभा पुढच्या महिन्यात हाय, त्याच्या आधी भेटलं तं बरं होईन. मातीचा रिपोर्ट आला का इथंच टाकतो.